आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या सीमेवर: सजीव पेशी इलेक्ट्रॉनिक पदार्थांशी कशा जोडल्या जातात

सजीव पेशीत वीज असते आणि संगणकाच्या चिपमध्येही वीज असते, त्यामुळे दोन्ही एका तारेने जोडल्या की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही जोडणी गेली अनेक दशके भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ या तिघांनाही झुंजवत आली आहे, आणि त्याचे मूळ कारण दोन्हीकडच्या विजेच्या वाहकांत आहे. तांब्याच्या तारेत किंवा सिलिकॉनमध्ये विद्युतप्रभार वाहून नेण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात. पेशीत तेच काम सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्लोराइड यांचे पाण्यात विरघळलेले आयन करतात. इलेक्ट्रॉन पाण्यात मोकळा राहू शकत नाही आणि आयन धातूच्या आत शिरू शकत नाही. म्हणून जिथे ऊती आणि धातू एकमेकांना टेकतात, तिथे प्रत्येक संदेशाला वाहक बदलावा लागतो, आणि या विषयातील बहुतेक अडचणी, तसेच बहुतेक नव्या कल्पना, त्या बदलाच्या जागीच जन्माला आलेल्या आहेत.

हा प्रश्न विजेच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानी यांनी १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन वेगळ्या धातूंचा जोड स्नायू व चेतातंतू यांना लावला की पाय आखडत असे, आणि त्यावरून प्राण्याच्या शरीरातच वीज असते, असे त्यांचे म्हणणे होते. आलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या मते वीज धातूंच्या जोडातून येत होती आणि बेडकाचा पाय ती दाखवण्यापुरताच होता. हा मुद्दा पटवून देताना त्यांनी १८०० मध्ये पहिली विद्युतघटमाला जगापुढे आणली. आज मागे वळून पाहता दोघांच्याही हाती सत्याचा एकेक भाग होता असे म्हणावे लागते, कारण चेतापेशी खरोखर विद्युतक्षम असते, आणि ओल्या, खारट ऊतीला टेकलेला धातू खरोखर विभवांतर निर्माण करतो. त्या प्रयोगात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पेशीची स्वतःची वीज

पेशीभोवतीचे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचे असते. ते मेदरेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असून आयनांना सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. त्यात बसवलेली काही प्रथिने ऊर्जा खर्च करून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत राहतात, तर इतर काही प्रथिने ठरावीक आयनांसाठी उघडमीट होणाऱ्या वाटा म्हणून काम करतात. या व्यवस्थेमुळे विश्रांत अवस्थेतील चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु तो ५ नॅनोमीटरच्या अंतरात विभागला गेला आहे हे लक्षात घेतले, तर पटलातील विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट इतके भरते. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे आपल्या प्रत्येक चेतापेशीचे पटल कोणत्याही क्षणी अतितीव्र विद्युतक्षेत्र पेलत उभे असते आणि त्यातील प्रथिने त्या क्षेत्रातील लहानसा बदलही ओळखतात.

संदेश पाठवायचा असतो तेव्हा सोडियमच्या वाटा क्षणभर उघडतात, आतला विभव ऋणाकडून धनाकडे झेपावतो, मग पोटॅशियमच्या वाटा उघडून तो पुन्हा खाली येतो. सुमारे १०० मिलिव्होल्टची ही उसळी एका मिलिसेकंदाच्या आसपास पूर्ण होते आणि चेतातंतूवरून पुढे सरकत जाते. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवरील मापनांतून या घटनेचे गणित मांडले, आणि ते आजही वापरले जाते. त्यांना हे मोजता आले, कारण स्क्विडचा तो तंतू इतका जाड असतो की त्याच्या आत तार सरकवता येते. माणसाच्या मेंदूतील पेशींबाबत ती सोय नाही. पुढे एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये काचेच्या बारीक नळीचे टोक पटलावर घट्ट बसवून एकेका प्रथिनातून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला. ती पद्धत अतिशय अचूक आहे, पण नळी लावलेली पेशी साधारणपणे काही तासांपलीकडे टिकत नाही. पेशीला इजा न करता, दीर्घकाळ, एकाच वेळी शेकडो-हजारो पेशींशी जोडून घ्यायचे असेल तर काचेच्या नळीऐवजी एखादा इलेक्ट्रॉनिक पदार्थ हवा, आणि तो पेशीच्या बाहेरूनच काम करणारा हवा.

धातू खाऱ्या पाण्यात बुडतो तेव्हा

शरीरातील द्रव म्हणजे विद्युतदृष्ट्या खारे पाणी. त्यात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देण्या-घेण्याचे टोक, ठेवून त्यावर ऋण विभव दिला, तर धातूच्या पृष्ठभागाशी इलेक्ट्रॉन जमतात आणि त्यांच्यासमोर द्रवातील धन आयन रांग धरतात. दोघांमध्ये पाण्याच्या रेणूंचा एखादा थर तेवढा उरतो. समोरासमोर उभ्या असलेल्या या प्रभारांना दुहेरी थर म्हणतात. इथे एकही इलेक्ट्रॉन सीमा ओलांडत नाही, तरीही इलेक्ट्रॉन जमले की आयन हलतात, आणि आयन हलले की जवळच्या पेशीच्या पटलावरील विभव बदलतो. ऊतीला उत्तेजन देण्याचा हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

अडचण अशी की या दुहेरी थरात मावणाऱ्या प्रभाराला मर्यादा आहे. ती ओलांडली की इलेक्ट्रॉन रासायनिक अभिक्रियांच्या वाटेने सीमा पार करू लागतात. त्यांतील काही अभिक्रिया उलट फिरवता येतात, म्हणून त्या चालवून घेता येतात. पण विभव आणखी वाढला तर पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, आसपासचा आम्ल-अल्कली समतोल बिघडतो, धातू झिजून त्याचे आयन ऊतीत मिसळतात आणि पेशी मरतात. म्हणूनच शरीरात बसवलेली उत्तेजक उपकरणे एका दिशेच्या स्पंदानंतर लगेच विरुद्ध दिशेचे तेवढेच प्रभारमूल्य असलेले स्पंद देतात, जेणेकरून सीमेवर काहीही साठून राहू नये. पेसमेकर आणि बहिऱ्या व्यक्तींना ऐकू येण्यासाठी अंतःकर्णात बसवले जाणारे कॉक्लिअर इम्प्लांट यांत हा नियम कसोशीने पाळलेला असतो.

या मर्यादेतून एक अवघड पेच निर्माण होतो. एकेका पेशीशी संवाद साधायचा तर इलेक्ट्रोड पेशीएवढेच, म्हणजे १० ते २० मायक्रोमीटरचे हवे, परंतु इलेक्ट्रोड जितके लहान तितकी दुहेरी थराची जागा कमी, तितकाच कमी प्रभार देता येतो आणि ऐकताना तितकाच गोंगाट वाढतो. उपाय म्हणून पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र करण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या, उदाहरणार्थ काळसर दिसणारा सच्छिद्र प्लॅटिनमचा लेप, टायटॅनियम नायट्राइडचा खवल्याखवल्यांचा थर, किंवा इरिडियम ऑक्साइड, ज्याच्या थरात उलट फिरवता येणारी अभिक्रिया घडत असल्याने तेवढ्याच जागेतून प्लॅटिनमपेक्षा कितीतरी अधिक प्रभार देता येतो. डोळ्यांना एक दिसणारा ठिपका प्रत्यक्षात कित्येक पट मोठे क्षेत्रफळ पोटात घेऊन बसलेला असतो.

पेशी आणि चिप यांच्यामधली फट

आता थेट त्या सीमेपाशी जाऊ. जर्मनीत म्यूनिकजवळच्या मार्टिन्सरीड येथील माक्स प्लांक जीवरसायनशास्त्र संस्थेत पुढे या विषयाचे मोठे केंद्र उभे करणारे पेटर फ्रोमहेर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जळवेची एक मोठी चेतापेशी काढून सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर ठेवली. ट्रान्झिस्टरचा पृष्ठभाग सिलिकॉन डायऑक्साइडच्या पातळ थराने झाकलेला होता, म्हणजे धातूचा उघडा स्पर्श कुठेच नव्हता. पेशीने संदेश सोडला की तिच्याखालील विभव बदलत असे आणि ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होत असे. चार वर्षांनी त्याच गटाने उलट दिशाही साधली, आणि सिलिकॉनमधील विभव बदलून वरच्या पेशीला संदेश सोडायला लावला. एकही इलेक्ट्रॉन पेशीत गेला नव्हता आणि एकही आयन सिलिकॉनमध्ये शिरला नव्हता.

या गटाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र यानंतरचे आहे. पेशी चिपला खरोखर किती चिकटते, हे त्यांनी मोजले. त्यासाठी सिलिकॉनवर ऑक्साइडच्या वेगवेगळ्या, नेमक्या जाडीच्या पायऱ्या तयार केल्या, पेशीच्या पटलात प्रकाश देणारा रंग मिसळला, आणि सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक पायरीवर तो रंग किती उजळ दिसतो हे पाहिले. सिलिकॉन आरशासारखे काम करते, आणि थेट आलेला व परावर्तित झालेला प्रकाश एकमेकांत मिसळून कुठे उजळ तर कुठे अंधुक दिसतो. त्या चढउतारांवरून पटल पृष्ठभागापासून किती उंचीवर आहे ते नॅनोमीटरमध्ये काढता येते. उत्तर साधारण ५० ते १०० नॅनोमीटर असे आले. म्हणजे चिपवर घट्ट चिकटून बसलेली दिसणारी पेशी तिच्या पटलाच्या जाडीच्या दहा ते वीस पट अंतरावर तरंगत असते आणि मधल्या फटीत खारा द्रव असतो.

ही फट का राहते? पेशीच्या पटलातून बाहेरच्या बाजूला शर्करेच्या साखळ्या आणि प्रथिनांची टोके यांचे जणू झुडूप उगवलेले असते, आणि पृष्ठभागावरही पेशी पोहोचण्याआधीच द्रवातील प्रथिनांचा थर बसलेला असतो. कोणताही पदार्थ शरीरातील द्रवात बुडवला की प्रथिने काही सेकंदांतच त्यावर चिकटू लागतात. त्यामुळे पेशीला मूळ पदार्थ कधी भेटतच नाही, तिला भेटतो तो प्रथिनांनी मढलेला पृष्ठभाग. त्यातील काही प्रथिनांना ती इंटेग्रिन नावाच्या आपल्या पटलातील पकडींनी धरते, आणि अशा धरलेल्या जागी अंतर कमी होते, परंतु त्या जागा थोड्या असतात. बाकीचे पटल वरच राहते.

विद्युतदृष्ट्या या फटीचा परिणाम मोठा आहे. पेशीतून निघालेला आयनांचा प्रवाह इलेक्ट्रोडकडे वळण्याऐवजी फटीतून कडेने निसटतो. पटलाच्या आत १०० मिलिव्होल्टची उसळी होत असताना बाहेरच्या सपाट इलेक्ट्रोडला बहुधा काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्टच दिसतात, म्हणजे संदेशाचे काही हजारांश किंवा त्याहून कमी. शिवाय मोठी उसळी तेवढी ऐकू येते. दुसऱ्या पेशीकडून येणारे मंद, लहान चढउतार, ज्यांच्या बेरजेवर पेशी संदेश सोडायचा की नाही हे ठरवते, ते जवळजवळ पूर्णपणे हरवतात.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मिखा स्पिरा यांच्या गटाने या फटीवर वेगळाच मार्ग काढला. त्यांनी सपाट इलेक्ट्रोडऐवजी सोन्याची, छत्रीच्या आकाराची, काही मायक्रोमीटर उंचीची इलेक्ट्रोडे बनवली आणि त्यांच्यावर पेशीला ओळखीच्या वाटणाऱ्या प्रथिनखंडांचा लेप दिला. पेशी अशी एखादी वस्तू भेटली की तिला गिळण्याचा प्रयत्न करते. इथे गिळणे पुरे होत नाही, कारण छत्रीचा दांडा तळाशी पक्का असतो, पण पटल त्या टोकाभोवती सर्व बाजूंनी घट्ट लपेटून राहते. फट आवळली जाते, गळती कमी होते, आणि पटलाला छिद्र न पाडता पेशीच्या आतून मोजल्यासारखे संदेश मिळतात. समुद्री गोगलगायीच्या मोठ्या चेतापेशींवर हे फार उत्तम साधले, पण सस्तन प्राण्यांच्या लहान पेशींवर तेवढ्याच सहजपणे साधलेले नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात बियानशाव त्सुई यांच्या गटाने उभ्या सूक्ष्म खांबांवर हृदयस्नायूच्या पेशी वाढवल्या. खांबाला क्षणभर विजेचा झटका दिला की त्याला लपेटलेल्या पटलात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात आणि काही मिनिटे, छिद्रे बुजेपर्यंत, आतला संदेश जवळजवळ त्याच्या मूळ आकारात मिळतो. याच गटाला पुढे असेही दिसले की खांबाच्या टोकाशी पटलाला जी तीव्र वक्रता येते, तिच्यामुळे पेशीच्या आत विशिष्ट प्रथिने तिथे गोळा होतात आणि बाहेरचा माल आत घेण्याची तिची क्रिया त्या जागी वाढते. पदार्थाचा नुसता आकारही पेशीच्या अंतर्गत कारभारात फरक पाडतो. इलेक्ट्रोड तयार करणाऱ्यांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते, कारण आपण मोजायला जातो त्या पेशीला आपले साधन आधीच बदलून बसलेले असते.

कठीण पदार्थ, मऊ ऊती

काचपात्रातील पेशीवरून जिवंत मेंदूकडे आलो की आणखी एक विसंगती समोर येते. सिलिकॉनचा ताठपणा १०० गिगापास्कलहून अधिक असतो आणि मेंदूच्या ऊतीचा काही किलोपास्कलच्या आसपास. या दोन्हींत कोटींच्या पटीचा फरक आहे. मेंदू कवटीत स्थिर नसतो. श्वासाबरोबर आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो किंचित सरकतो. ओल्या मातीत रोवलेली काठी वाऱ्याने हलत राहिली की भोवतीची माती जशी मोकळी होत जाते, तसेच ताठ सुईभोवतीच्या ऊतीचे होते, फरक एवढाच की ऊती त्यावर प्रतिक्रिया देते.

ही प्रतिक्रिया सुई आत जाताच सुरू होते. मेंदूतील रक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, पहिल्या तासाभरातच आपल्या शाखा सुईच्या दिशेने पसरू लागतात. पुढील दिवसांत त्या पृष्ठभाग वेढतात, तो पचवण्याचा प्रयत्न करतात, तीव्र ऑक्सिडीकारक रेणू सोडतात. काही आठवड्यांत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी सुईभोवती दाट वेष्टण विणतात, आणि ज्या चेतापेशींचे ऐकायचे होते त्या विरळ होतात किंवा दूर राहतात. सुरुवातीला स्पष्ट असलेला संदेश मंदावत जातो. यूटा विद्यापीठात विकसित झालेली, ४ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तळावर सिलिकॉनच्या १०० सुया असलेली मांडणी माणसांत वापरली गेली आहे आणि हातपाय लुळे पडलेल्या एका व्यक्तीला सुया बसवल्यानंतर १००० दिवस उलटल्यावरही तिच्या साहाय्याने संगणकाच्या पडद्यावरील दर्शक (कर्सर) हलवता आला. हे यश लहान नाही. तरीही वापरात येणाऱ्या सुयांची संख्या आणि संदेशाची उंची कालांतराने बदलत व घटत जाते, आणि त्या घटीतील ऊतीचा वाटा किती आणि झिजलेल्या पदार्थाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते.

मग पेसमेकर इतकी वर्षे कसा टिकतो, असा प्रश्न येथे पडायला हवा. स्टॉकहोममध्ये १९५८ मध्ये रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसवलेला पहिला संपूर्ण अंतःस्थ पेसमेकर काही तासच चालला, पण त्याच तत्त्वावरची उपकरणे आज वर्षानुवर्षे काम करतात. याचे श्रेय बऱ्याच अंशी हृदयाला द्यावे लागते. हृदयस्नायूच्या पेशी एकमेकींशी आयनांच्या वाटांनी थेट जोडलेल्या असल्याने एका ठिकाणी मूठभर पेशी उत्तेजित केल्या की लाट आपोआप सर्वत्र पसरते. टोकाभोवती व्रणऊतीचे पातळ वेष्टण तयार झाले तर थोडा अधिक विभव देऊन काम भागते. शिवाय १९८० च्या दशकापासून टोकातून हळूहळू स्टेरॉइड झिरपवणाऱ्या तारा वापरात आल्या, ज्यामुळे ते वेष्टणही मर्यादित राहते. मेंदूत एकेका पेशीचे वेगळे ऐकायचे असते, आणि तिथे ५० मायक्रोमीटरचे वेष्टणही संदेश बुडवायला पुरेसे ठरते.

आयनांना आत घेणारे पदार्थ

धातूच्या मर्यादा पृष्ठभागाशी निगडित आहेत, म्हणून संशोधकांचे लक्ष अशा पदार्थांकडे वळले ज्यांच्या संपूर्ण घनफळात आयन शिरू शकतील. अ‍ॅलन हीगर, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले होते की काही बहुवारिके, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ, योग्य प्रक्रिया केल्यास वीज वाहू शकतात. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठीच मिळाले. त्या कुळातील पेडॉट हे बहुवारिक, पीएसएस या ऋण प्रभार धारण करणाऱ्या दुसऱ्या बहुवारिकाबरोबर मिसळून, आज जैवइलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्वाधिक वापरले जाते. पेडॉटच्या साखळ्यांवरून इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा सरकतात, आणि पाण्याने फुगलेल्या पीएसएसमधून आयन ये-जा करतात. एकाच पदार्थात दोन्ही वाहक चालत असल्याने हस्तांतराची सीमा पृष्ठभागापुरती न राहता पदार्थाच्या पोटात सर्वत्र पसरते. दुहेरी थर जणू शेकडो नॅनोमीटर जाडीच्या थरात कणाकणाशी उभा राहतो, आणि तेवढ्याच आकाराच्या सोन्याच्या ठिपक्याच्या तुलनेत त्याची प्रभार धारण करण्याची क्षमता कित्येक पट वाढते.

याच गुणावर एक खास ट्रान्झिस्टर आधारलेला आहे. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये नियंत्रण करणारे विद्युतक्षेत्र पृष्ठभागाशी असलेल्या पातळ पट्ट्यातच काम करते. सेंद्रिय विद्युतरासायनिक ट्रान्झिस्टरमध्ये पेशीजवळचे आयन संपूर्ण थरात शिरतात आणि त्याची वाहकता बदलतात, त्यामुळे आयनांचा लहानसा बदल इलेक्ट्रॉनच्या मोठ्या प्रवाहात जागच्या जागी रूपांतरित होतो. संदेश तारेवरून दूर नेऊन मग मोठा करण्यापेक्षा तो जिथे उमटतो तिथेच मोठा करणे केव्हाही चांगले, कारण वाटेतला गोंगाट त्यात मिसळत नाही. या पद्धतीची किंमत म्हणजे वेग. आयनांना थरात शिरायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून थर जाड केला तर संवेदनक्षमता वाढते पण चपळता घटते.

जॉर्ज मॅलियारास, द्योर्द्य बुझाकी आणि दिओन खोदागोली यांच्या गटांनी २०१५ मध्ये अवघ्या ४ मायक्रोमीटर जाडीच्या लवचीक पटलावर अशा बहुवारिकाची पेशीएवढी इलेक्ट्रोडे बसवली आणि ते पटल मेंदूच्या पृष्ठभागावर नुसते अंथरले. इतके पातळ पटल मेंदूच्या वळ्यांप्रमाणे स्वतःहून बसते. सुई न खुपसता, वरूनच, त्यांना एकेका चेतापेशीचे संदेश टिपता आले, आणि शस्त्रक्रियेतील रुग्णांमध्येही हे दिसून आले. मेंदूच्या खोल भागांपर्यंत मात्र ही पद्धत पोहोचत नाही.

बहुवारिकांचेही दोष आहेत. ते पाण्यात फुगतात आणि आकसतात, प्रत्येक स्पंदाबरोबर थोडे हलतात, आणि कालांतराने खालच्या धातूपासून सुटू लागतात. मऊ आणि चिकट राहणारे, तरीही उत्तम वाहक असलेले मिश्रण शोधणे हा आजच्या पदार्थसंशोधनाचा मोठा भाग आहे.

धातूशी स्वतःहून जोडून घेणाऱ्या पेशी

आतापर्यंतच्या पेशींना इलेक्ट्रोडशी काही देणेघेणे नव्हते. काही जिवाणूंचे तसे नाही. श्वसनात अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात, आणि आपण ते ऑक्सिजनला देतो. चिखलात, गाळात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे शेवानेला आणि जिओबॅक्टर या कुळांतील जिवाणू ते लोहाच्या किंवा मँगनीजच्या खनिजांना देतात. खनिज घन असल्याने पेशीत घेता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनच पटलाबाहेर काढावे लागतात. त्यासाठी या जिवाणूंनी लोहयुक्त हीम-गटांची माळ असलेली प्रथिने पटलातून आरपार बसवलेली आहेत, आणि इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर उड्या मारत बाहेर येतात. जिओबॅक्टरच्या शरीरातून निघणाऱ्या, वीज वाहणाऱ्या धाग्यांची रचना २०१९ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, तेव्हा त्यांतही अशाच हीमधारी प्रथिनांची सलग साखळी आढळली. अशा जिवाणूंसमोर खनिजाऐवजी कार्बनचे इलेक्ट्रोड ठेवले तर ते त्यावर वस्ती करतात आणि परिपथात खराखुरा प्रवाह सुरू होतो. इथे हस्तांतर उत्क्रांतीनेच करून ठेवलेले आहे. या प्रथिनांची जनुके दुसऱ्या जिवाणूंत बसवून त्यांनाही असे जोडता येते हे प्रयोगांनी दाखवले आहे, आणि त्यातून पाण्यातील विशिष्ट रसायन दिसताच विद्युतसंदेश देणारे जिवंत संवेदक तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आपल्या शरीरातील पेशींना अशी यंत्रणा नाही, पण इलेक्ट्रोड बाहेरून बसवण्याऐवजी ते पेशींजवळच घडवता येईल का, हा विचार त्याच दिशेचा आहे. स्टॅनफर्डमधील झेनान बाओ आणि कार्ल डायसेरॉथ यांच्या गटांनी २०२० मध्ये निवडक चेतापेशींत एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक घातले. बाहेरून साधे रेणू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पुरवल्यावर त्या विकराने फक्त त्याच पेशींच्या पटलावर वाहक बहुवारिक तयार केले. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठातील माग्नुस बेरग्रेन यांच्या गटाने २०२३ मध्ये जनुकबदलाशिवाय हे साधले. त्यांनी विकरे आणि सुटे रेणू असलेला जेल झेब्रा माशाच्या मेंदूत आणि हृदयात, तसेच जळवेच्या चेताऊतीभोवती टोचला. एक विकर ऊतीतील ग्लुकोज किंवा लॅक्टेट वापरून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, दुसरे विकर त्या पेरॉक्साइडच्या बळावर सुटे रेणू एकमेकांशी जोडते, आणि ऊतीच्या मऊपणाला साजेसे वाहक जाळे जागच्या जागी उभे राहते. वीजपुरवठा, उष्णता किंवा प्रकाश यांपैकी बाहेरून काहीही द्यावे लागत नाही, अभिक्रिया चालवणारे इंधन शरीराच्याच चयापचयातून मिळते. मला ही या क्षेत्रातील सर्वांत मूलगामी कल्पना वाटते. मात्र ऊतीत विणले गेलेले जाळे पुढे काढून कसे घ्यायचे, त्याच्याशी बाहेरची तार कायमची कशी जोडायची, आणि वर्षानुवर्षांनंतर त्याचे तुकडे कुठे जातील, हे प्रश्न माणसापर्यंत पोहोचण्याआधी सोडवावे लागणार आहेत.

टिकाऊपणा तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे उपकरण खाऱ्या द्रावणात बुडवून तापमान वाढवणे, जेणेकरून झीज लवकर दिसावी. त्यात रक्षक पेशींचा हल्ला नसतो, म्हणून आता द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडही मिसळतात, कारण मायक्रोग्लिया ज्या ऑक्सिडीकारक रेणूंचा मारा करतात त्यांत तोही असतो. जेलमध्ये ज्या रेणूने बहुवारिक विणले, तोच इथे आवरण पोखरतो, कडांपासून थर सोडवतो आणि धातू गंजवतो. या चाचणीत एखाद्या आवरणाने महिनोन्‌महिने तग धरला, तरी त्याभोवती वेष्टण विणणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी द्रावणात नसतात आणि तापमान वाढवून त्यांचा वेग वाढवता येत नाही. त्यामुळे ज्या उपकरणाने शरीरात दहा वर्षे राहावे अशी अपेक्षा असते, त्याचे निरीक्षण जिवंत ऊतीत त्याच गतीने वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, आणि शेवटी ऊतीचे पातळ काप काढून इलेक्ट्रोड आणि पहिली जिवंत चेतापेशी यांच्यातले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागते.